६५ हजार रुपयांतील पहिला गेमिंग संगणक : अकोल्यातील एका कुटुंबाच्या निवडीचा प्रकरण अभ्यास

जून २०२४ मध्ये अकोल्यातील एका कुटुंबाने घरातला पहिला गेमिंग संगणक घेण्याचे ठरवले. मुलगा बारावी होऊन संगणक अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाला गावातच प्रवेश घेणार होता, धाकटी मुलगी नववीत होती, आणि कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या वडिलांनी खरिपाच्या बियाणे-खतांची गर्दी सुरू असतानाच ६५,००० रुपये या कामासाठी वेगळे काढून ठेवले होते. कुटुंबाशी जुना परिचय असल्यामुळे निर्णयापूर्वी सर्व कोटेशने माझ्याकडे आली. पुढील किमती त्या महिन्यात त्या कुटुंबाला प्रत्यक्ष सांगितल्या गेलेल्या किमती आहेत. त्या आज जशाच्या तशा लागू होणार नाहीत, परंतु पैसा कोणत्या भागावर किती खर्च करावा हा विचार तेव्हासारखाच आजही करावा लागतो.

समोर आलेले तीन प्रस्ताव

पहिला प्रस्ताव वडिलांच्या मनात भरला होता, कारण तो सर्वांत स्वस्त होता. "आय-सेव्हन गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, मॉनिटरसह २६,००० रुपये" अशी जाहिरात होती, आणि दुकानदाराने फोनवर "भाऊ, आय-सेव्हन आहे, दहा वर्षं बघायचं काम नाही" असे छातीठोकपणे सांगितले होते. नेमके मॉडेल विचारल्यावर प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन ३७७०, सगळे भाग जोडणारा मदरबोर्ड एच-६१ आणि खेळातले चित्र तयार करणारे ग्राफिक्स कार्ड जीटी ७३० असल्याचे कळले. हा प्रोसेसर २०१२ चा आहे. तो त्या काळी उत्तम होता, पण विंडोज ११ च्या अधिकृत यादीत, थोडे अपवाद वगळता, इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर नाहीत, आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे तेव्हाच जाहीर झालेले होते. म्हणजे "दहा वर्षां"ची हमी जेमतेम सव्वा वर्ष टिकणारी होती. जीटी ७३० ची गोष्ट याहून वाईट होती. कार्डावर ४ जीबी मेमरी होती खरी, पण ती जुन्या डीडीआर-३ प्रकारची आणि ६४ बिटच्या अरुंद मार्गाने जोडलेली असल्यामुळे तिच्यातून सेकंदाला सुमारे १४ जीबीच माहिती ये-जा करू शकते. शेवटी निवडलेल्या कार्डात हाच आकडा २२४ जीबी आहे. आपल्याकडे संगणक विकताना मेमरीचा आकार ठळक छापतात आणि वेग सांगतच नाहीत. अशा जाहिराती चालतात त्या याच सवयीवर.

दुसरा प्रस्ताव ६२,००० रुपयांच्या गेमिंग लॅपटॉपचा होता, तोही बिनव्याजी हप्त्यांवर. त्यात आरटीएक्स २०५० हे ४ जीबीचे कार्ड होते. मुलगा वसतिगृहात राहणार असता, तर पुढचा सारा विचार बाजूला ठेवून मी लॅपटॉपच घ्या म्हटले असते, कारण तीन माणसांच्या खोलीत कॅबिनेट, मॉनिटर आणि यूपीएस मांडून बसणे व्यवहार्य नसते आणि सुट्टीत घरी येताना ते उचलून आणताही येत नाही. इथे मुलगा घरीच राहणार होता, संगणक बहिणीलाही वापरायचा होता, आणि बिघडलेला किंवा जुना झालेला एखादा भाग बदलण्याची सोय वडिलांना हवी होती. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप मुख्य बोर्डावरच बसवलेली असते, त्यामुळे ती पुढे बदलता येत नाही.

तिसरे कोटेशन शहरातील एका दुकानाने असेंबल करून देण्याचे, ६४,५०० रुपयांचे होते आणि मुलाचे मन त्याच्यावर जडले होते. त्यात आय-फाइव्ह १२४००एफ प्रोसेसर, लिक्विड कूलर, दिव्यांची ३२ जीबी रॅम, तिन्ही बाजूंनी काच असलेले सहा पंख्यांचे कॅबिनेट, साठवणीसाठी ५०० जीबीचा एसएसडी, ७५ हर्ट्झचा (सेकंदाला ७५ चित्रे दाखवणारा) मॉनिटर आणि जीटीएक्स १६५० हे कार्ड होते. एसएमपीएसच्या, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या खोक्याच्या, रकान्यात केवळ "६०० वॉट" लिहिले होते, कंपनीचे नाव नव्हते. यूपीएस, कीबोर्ड आणि माउस कोटेशनमध्ये धरलेच नव्हते. १२४००एफ हा चांगला प्रोसेसर आहे, पण त्याची मूळ वीजमर्यादा ६५ वॉटची आणि कमाल ११७ वॉटची असल्यामुळे खोक्यातून मिळणारा साधा पंखा त्याला पुरतो. लिक्विड कूलर इथे शोभेचाच होता. शोभेवर गेलेले पैसे कुठून तरी कापावे लागतात, आणि ते नेमके ग्राफिक्स कार्डातून कापले गेले होते.

आधी खेळ, मग पडदा

मुलाला मी एकच प्रश्न लेखी उत्तरासाठी दिला : येत्या दोन वर्षांत कोणते खेळ खेळायचे आहेत? उत्तरात व्हॅलोरंट, जीटीए फाइव्ह, क्रिकेट २४ आणि, थोड्या संकोचाने, सायबरपंक २०७७ अशी चार नावे आली. यादी लहान असली तरी निर्णयासाठी ती पुरेशी ठरली. व्हॅलोरंट हा हलका खेळ आहे. तो प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवरही चालतो, त्याचा सर्व्हर मुंबईत असल्यामुळे अकोल्याहून खेळतानाही प्रतिसाद जलद मिळतो, आणि विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० व सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी सुरू असणे बंधनकारक आहे. या यादीतला खरा कस पाहणारा खेळ सायबरपंक होता. त्याच्या निर्मात्यांनी जाहीर केलेल्या किमान गरजांत ६ जीबीचे जीटीएक्स १०६० किंवा ८ जीबीचे आरएक्स ५८०, १२ जीबी रॅम आणि एसएसडीवर ७० जीबी मोकळी जागा मागितलेली आहे. किमान पातळीच ६ जीबीची असल्यामुळे तिन्ही प्रस्तावांतील ४ जीबीची कार्डे एका फटक्यात बाद झाली. ती खेळ सुरूच करू शकत नाहीत असे नाही. मात्र चित्राचे तपशील मेमरीत मावले नाहीत की ते मुख्य रॅममधून आणावे लागतात, आणि खेळ मध्येच अडखळतो. सरासरी वेग बरा दिसत असूनही खेळणाऱ्याला जो झटका जाणवतो तो बहुधा यातूनच येतो.

यानंतर मॉनिटर ठरवला. हा क्रम उलटा वाटेल, पण कार्डाने किती काम करायचे हे पडदाच ठरवतो. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, तर २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर ते सुमारे ३६.९ लाख होतात, म्हणजे पावणेदोन पटींहून थोडे अधिक. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, इतके बिंदू रंगवायचे असतात. ६५ हजारांत मोठ्या पडद्याचा मोह धरला, तर उरलेल्या पैशांत त्याला न्याय देणारे कार्ड येत नाही. म्हणून २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा आणि १०० हर्ट्झचा मॉनिटर ८,४०० रुपयांना घेण्याचे ठरले. ६० हर्ट्झवर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १०० हर्ट्झवर १० मिलिसेकंद. व्हॅलोरंटसारख्या नेमबाजीच्या खेळात हा फरक नवशिक्यालाही कळतो. १४४ हर्ट्झवर हाच काळ ६.९ मिलिसेकंदांवर येतो, परंतु तिथे मिळणारा अधिकचा लाभ आधीच्या टप्प्यापेक्षा लहान असतो आणि त्यासाठी द्यावे लागणारे पैसे मला या अंदाजपत्रकात अन्यत्र हवे होते.

ग्राफिक्स कार्डाचा वाद

कार्डासाठी चार नावे चर्चेत राहिली आणि या एका भागावर आम्ही बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ दिला, कारण एकूण रकमेचा जवळजवळ तिसरा हिस्सा इथेच जाणार होता.

आरएक्स ६५०० एक्सटी सुमारे १४,००० रुपयांना मिळत होते. ते मदरबोर्डाशी केवळ चार लेनने, म्हणजे माहिती वाहणाऱ्या चार मार्गिकांनी, जोडले जाते. पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते निभावून जाते, पण स्वस्त बोर्ड तिसऱ्या पिढीचा असतो आणि तिथे त्या चार लेनचा वेग निम्मा होतो, शिवाय मेमरी चारच जीबी. ज्याला स्वस्त कार्ड परवडते त्याचा बोर्डही स्वस्तच असतो, हे लक्षात घेता या कार्डाची रचना ज्या ग्राहकासाठी केली त्याच्याच ती मुळावर आली आहे, असे माझे मत आहे.

जुन्या बाजारात आरएक्स ५८० हे ८ जीबीचे कार्ड सहा-सात हजारांत मिळत होते. इथेरियम या आभासी चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवरचे खाणकाम (नवी नाणी मिळवण्यासाठी चालणारी गणिते) थांबवल्यानंतर अशी कार्डे मोठ्या संख्येने जुन्या बाजारात आली. त्यातली अनेक महिनोन्महिने रात्रंदिवस चाललेली, आणि काही तर कमी क्षमतेची २०४८ एसपी ही आवृत्ती असूनही मूळ नावाने विकली जाणारी. हे कार्ड बनवणाऱ्या एएमडीने २०२३ मध्ये या पिढीच्या ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आधारही आवरता घेतला. हमी नसलेला, १८५ वॉट वीज खाणारा भाग अकोल्यातल्या पहिल्याच संगणकात बसवणे मला पटले नाही.

आता खरी लढत राहिली ती दोघांत : एनव्हिडियाचे ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० सुमारे १७,००० रुपयांना आणि एएमडीचे ८ जीबीचे आरएक्स ६६०० हे २०,८०० रुपयांना. एनव्हिडियाच्या बाजूने मुलाच्या एका शिक्षकांनी मांडलेला मुद्दा सर्वांत वजनदार होता. संगणक अभियांत्रिकीत पुढे मशीन लर्निंग येईल, त्यातील बहुतेक साधने एनव्हिडियाच्या कूडा या सॉफ्टवेअर प्रणालीवर चालतात, तर मग चार हजार वाचवून तेच कार्ड का घेऊ नये? मुद्दा खरा आहे. पण प्रथम आणि द्वितीय वर्षात सी, जावा, डेटा स्ट्रक्चर अशा विषयांना ग्राफिक्स कार्ड लागत नाही. पुढे जे प्रयोग करावे लागतील ते गूगल कोलॅबवर विनामूल्य करता येतात, आणि ६ जीबीच्या कार्डावर मोठी मॉडेले तशीही बसत नाहीत. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली ही ६ जीबीची आवृत्ती २०२२ च्या ८ जीबीच्या ३०५० पेक्षा बरीच दुबळी आहे. तिचा मेमरी मार्ग १२८ ऐवजी ९६ बिटचा आहे आणि वीजमर्यादा १३० ऐवजी ७० वॉटची, तरी खोक्यावर नाव तेच. जुन्या कंपनी संगणकात, वेगळी वीजजोडणी नसलेल्या ठिकाणी बसवायला ते उत्तम कार्ड आहे, पण आपण सगळेच नव्याने जुळवत असताना त्या गुणाचा उपयोग नव्हता. खेळांतील वेगात आरएक्स ६६०० या दोन्ही आवृत्त्यांच्या पुढे आहे. रे ट्रेसिंग (प्रकाशाचे खरे भासणारे परिणाम) आणि डीएलएसएस (कमी बिंदूंचे चित्र मोठे करून वेग वाढवण्याची एनव्हिडियाची सोय) या दोन बाबतींत ते मागे पडते, हे मुलाला स्पष्ट सांगितले. त्याने थोडा विचार करून आरएक्स ६६०० निवडले.

प्रोसेसरवर केलेली काटकसर

एएमडीचा राइझन ५ ५६०० हा प्रोसेसर आणि बी-४५० हा मदरबोर्ड ही माझी मूळ जोडी होती, परंतु मॉनिटर, यूपीएस आणि कीबोर्ड-माउस धरून बेरीज ६८,००० रुपयांवर गेली. कुठे कापायचे? वडिलांनी कार्डाकडे बोट दाखवले, मुलाने यूपीएसकडे. मी प्रोसेसर उतरवून राइझन ५ ५५०० सुचवला. ५६०० अकरा हजारांना होता, ५५०० आठ हजार तीनशेला. दोन्हींत सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत. ५५०० मध्ये तिसऱ्या स्तराची कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि तो पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीपुरताच मर्यादित आहे. त्यातली दुसरी उणीव आमच्या बाबतीत निरर्थक होती, कारण बी-४५० बोर्डच तिसऱ्या पिढीचा आहे, आणि आरएक्स ६६०० आठ लेन वापरत असल्यामुळे त्याचे तिथे फारसे अडत नाही. कॅशमधली तूट मात्र खरी आहे आणि ती व्हॅलोरंटमध्येच अधिक दिसते. पण त्या खेळात मुळातच १०० हर्ट्झच्या वर वेग मिळणार असेल, तर वाढीव फ्रेम पडद्याला दाखवता येणार नव्हत्या. मॉनिटर आधी ठरवल्याचा फायदा इथे झाला. पुढे पैसे आले, तर याच बोर्डावर बायोस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून आठ कोअरचा ५७००एक्स३डी बसवता येईल, ही वाटही उघडी राहिली. प्रोसेसर बसवण्याच्या नव्या एएम-५ सॉकेटची बाजू मी थोडक्यात पाहून सोडून दिली. त्याचे बोर्ड आणि डीडीआर-५ रॅम मिळून जो फरक पडत होता त्यात कार्डाचा बळी गेला असता.

रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या, ३२०० वेगाची, ३,५०० रुपये. एसएसडी १ टीबी, ५,००० रुपये.

वीज आणि उकाडा

मुंबई-पुण्याच्या सल्ल्यांत हा भाग एखाद्या ओळीत संपतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, मुलाची खोली स्लॅबखाली वरच्या मजल्यावर होती, आणि पावसाळ्याच्या तोंडावर वीज ये-जा करणे नेहमीचे होते. संगणकातील भागांचे तापमान खोलीच्या तापमानावर चढत असते. खोली दहा अंशांनी तापली, तर आतले भागही ढोबळमानाने तितकेच तापतात. तिसऱ्या कोटेशनमधल्या काचेच्या कॅबिनेटला समोरून हवा घ्यायला जागाच नव्हती. त्यामुळे समोर जाळी असलेले, तीन पंख्यांचे, दिसायला साधे कॅबिनेट ३,००० रुपयांना घेतले. मुलाचा हिरमोड झाला, हे खरे. विदर्भातल्या घरोघरी असणाऱ्या कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवायचे नाही, एवढी एक अट मी घातली, कारण ती हवा दमट असते आणि कधीकधी तिच्याबरोबर पाण्याचे तुषारही येतात.

एसएमपीएसच्या बाबतीत तडजोड नाही, हे मी आधीच सांगितले होते. एएमडी या कार्डासाठी किमान ४५० वॉटचा एसएमपीएस सुचवते, आम्ही नामांकित कंपनीचा, पाच वर्षांच्या हमीचा ५५० वॉटचा ८० प्लस ब्राँझ ४,००० रुपयांना घेतला. ८० प्लस ही खूण विजेचा अपव्यय किती कमी होतो एवढेच सांगते. दाब वाढला किंवा शॉर्ट सर्किट झाले तर आतले संरक्षण किती भरवशाचे आहे, याची ती ग्वाही देत नाही, म्हणून खुणेबरोबर हमीचा काळही पाहावा. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या बिननावाच्या एसएमपीएसवर लिहिलेल्या वॉटांवर मी विश्वास ठेवत नाही. तो जळताना मदरबोर्ड आणि कार्डालाही बरोबर घेऊन जाऊ शकतो.

यूपीएसवर व्हीए लिहिलेले असते आणि ग्राहक त्याला वॉट समजतो. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो. प्रोसेसर ७६ वॉटपर्यंत, कार्ड १३२ वॉट, उरलेले भाग साधारण ५० वॉट, त्यावर एसएमपीएसमधील गळती आणि मॉनिटरचे २०-२५ वॉट धरले, तर पूर्ण भारावर आकडा ३२०-३३० च्या घरात जातो. म्हणजे ३६० ची मर्यादा अगदीच काठावर होती, आणि बॅटरी जुनी झाल्यावर ती काठावरही राहिली नसती. म्हणून लेबलवर ६०० वॉट छापलेला १,००० व्हीएचा यूपीएस ४,७०० रुपयांना घेतला. घरात इन्व्हर्टर होता, पण वीज गेल्यावर तो बदलून चालू होईपर्यंतच्या क्षणभरात संगणक बंद पडतो, हे वडिलांना दुकानातल्या बिलिंगच्या संगणकावरून माहीत होते. त्यामुळे या खर्चावर त्यांनी पुन्हा हरकत घेतली नाही.

खरेदी

कीबोर्ड-माउसचे १,४०० आणि बोर्डाचे ६,२०० रुपये धरून एकूण बेरीज ६५,३०० झाली. वरचे ३०० मुलाने दिले. मावसभाऊ मुंबईत असल्यामुळे प्रोसेसर, बोर्ड, रॅम, कार्ड, एसएसडी आणि एसएमपीएस त्याने लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावरून आणले. तिथे एकाच भागाचे भाव चार दुकानांत वेगवेगळे निघतात आणि घासाघीस चालते, पण बिलाविना भाव विचारला की तो आणखी खाली येतो, आणि नवखा माणूस नेमका तिथेच फसतो. १८ टक्के जीएसटीसह पक्के बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर, याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असे त्याला सांगून ठेवले होते. मॉनिटर, यूपीएस आणि कॅबिनेट मात्र अकोल्यातूनच घेतले. मॉनिटर प्रवासात फुटतो, यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, आणि त्यासाठी गावातला माणूस ओळखीचा असलेला बरा.

जोडणी मुलाने स्वतः केली. बोर्डाच्या खोक्यावर "राइझन ५००० डेस्कटॉप रेडी" ही चिठ्ठी असल्याचे खरेदीच्या वेळीच पाहिले होते, कारण जुन्या बायोसचा बी-४५० बोर्ड हा प्रोसेसर ओळखत नाही आणि मग संगणक सुरूच होत नाही. पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. मॉनिटरची केबल त्याने मदरबोर्डाला लावली होती आणि ५५०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही. केबल कार्डाला लावताच चित्र आले. त्यानंतर बायोसमध्ये एक्सएमपी सुरू केले, नाहीतर ३२०० ची रॅम तिच्या मूळ, बऱ्याच कमी वेगाने चालत राहते. विंडोजमध्ये मॉनिटर ६० हर्ट्झवर होता तो १०० वर आणला. पैसे देऊन घेतलेला वेग हे दोन बदल न केल्यामुळे वर्षानुवर्षे न वापरणारी माणसे मी पाहिली आहेत.

एक खर्च बेरजेत नव्हता तो विंडोजच्या परवान्याचा. गावातल्या दुकानदाराने "टाकून देतो, फुकट" म्हटले होते. परवान्याशिवाय विंडोज चालू करणाऱ्या अशा ॲक्टिव्हेटरसोबत संगणकात आणखी काय शिरते ते सांगता येत नाही, आणि त्याच संगणकावरून वडील बँकेचे आणि जीएसटीचे काम करणार होते. म्हणून विंडोज मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून उतरवून बसवले आणि परवाना दिवाळीत घेतला. लिनक्सचा पर्याय मुलाला आवडला असता, पण व्हॅलोरंटची फसवणूक रोखणारी व्हॅनगार्ड ही प्रणाली तिथे चालत नाही.

वापरात काय दिसले

व्हॅलोरंट पडद्याच्या १०० हर्ट्झच्या वर स्थिर राहतो, जीटीए फाइव्ह आणि क्रिकेट २४ बद्दल तक्रार नाही. सायबरपंक रे ट्रेसिंग बंद ठेवून मध्यम ते उच्च सेटिंगवर साठच्या आसपास चालतो, गर्दीच्या बाजारपेठेत त्याखाली येतो. मे २०२५ मध्ये दुपारच्या वेळी कार्डाचे पंखे मोठ्याने फिरू लागले, तेव्हा मुलाने खेळांना ६० फ्रेमची मर्यादा घातली. त्याने कार्डाचा भार आणि आवाज दोन्ही उतरले. बहिणीच्या दहावीच्या वर्षात खेळण्याची वेळ रात्री साडेनऊनंतरची ठरली, हा निर्णय आईचा.

रॅम ३२ जीबी करण्याचा विचार २०२५ च्या अखेरीस पुढे ढकलला गेला, कारण डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव जगभर चढले होते आणि साडेतीन हजारांना घेतलेल्या त्याच दोन पट्ट्यांचा भाव ऐकून वडिलांनी विषयच बंद केला. बोर्डावर रॅमच्या दोन जागा अजून मोकळ्या आहेत.